शेल्फवर आहे, शोधात नाही

(दृश्य: ओव्हल मैदान, दुपार. एकमेकांत घुसलेले चार-पाच क्रिकेटचे सामने. मागे राजाबाई टॉवर.)

राजाबाई टॉवर न पाहिलेला मुंबईकर शोधून सापडायचा नाही. पण त्या मनोऱ्याखाली विद्यापीठाचं ग्रंथालय आहे म्हटलं, तर ओव्हलवर खेळणारी निम्मी पोरं तरी बुचकळ्यात पडतील.

पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतलं सर्वांत मोठं नाव म्हणजे प्रेमचंदशेठ. १८६४ साली त्यांनी आधी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि मग आईच्या नावाने मनोरा उभारायला आणखी दोन लाख. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला, शेठजीही त्यात बुडाले. इमारत मात्र झाली. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. १८६९ साली पायाभरणी झाली, १८७८ साली काम पुरं झालं. मनोऱ्याची उंची २८० फूट.

(दृश्य: चक्राकार जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, लांबलचक टेबलं.)

माहितीपटवाल्यांना अशा इमारती फार आवडतात. आम्हीही या काचांपुढे गरजेपेक्षा जास्त वेळ कॅमेरा लावून बसलो. २०१८ साली युनेस्कोने दक्षिण मुंबईतल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला, त्यात हीसुद्धा आली. पण हा माहितीपट काचांवर नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठीतलं काही शोधायचं असेल तर नेमकं काय होतं, हे आम्हाला पाहायचं होतं.

शोध थोडा मागून सुरू करावा लागतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांमधून मराठी लवकरच बाहेर पडली. संस्कृत, लॅटिनसारख्या अभिजात भाषा असताना देशी भाषा कशाला, असा तेव्हाचा सूर होता. याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, मराठीला परत आत आणण्यासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिले. मराठीत वाचण्यासारखं आहेच काय, या प्रश्नाला त्यांनी वादापेक्षा यादीने उत्तर दिलं. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली होती. त्या नोंदी चाळून त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा लेखाजोखा मांडला. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले. मराठीला एम.ए.ची वाट मोकळी झाली ती त्याच सुमारास.

थोडक्यात, पुस्तकं होतीच. ती आहेत हे दाखवून द्यावं लागलं.

(दृश्य: विद्यापीठ ग्रंथालयाचा देवघेव विभाग. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांची चळत. बारकोड वाचणाऱ्या यंत्राचा लाल प्रकाश.)

हे कुठल्याही विद्यापीठाचं ग्रंथालय समजा. सकाळचे साडेदहा. अभ्यासिका केव्हाच भरली आहे. तिथली बहुतेक मुलं एमपीएससी, नेट-सेट नाहीतर बँकेच्या परीक्षांची. बॅगेतून स्वतःची पुस्तकं काढतात, संध्याकाळी परत बॅगेत भरतात. त्यांना ग्रंथालयाकडून हवी असते एक खुर्ची, पंखा, वायफाय आणि पिण्याचं पाणी. ही सेवासुद्धा छोटी नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहणाऱ्या मुलाला विचारा. पण ग्रंथालयातल्या ग्रंथांशी गाठ पडते ती काउंटरवर.

(दृश्य: काउंटर. एक संशोधक विद्यार्थिनी आणि सहायक ग्रंथपाल.)

“मॅडम, विभावरी शिरूरकरांचं काय काय आहे?”

“संगणकावर पाहिलंस का? ओपॅकवर?”

“पाहिलं. दोनच दाखवतंय.”

“बेडेकर टाकून बघ. मालतीबाई बेडेकर. आणि शिरूरकरमधला रू एकदा एका यूने टाक, एकदा दोन ओने.”

मुलगी हसते. मॅडम हसत नाहीत. रोजचंच आहे त्यांचं.

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आलेल्या कथांनी महाराष्ट्रात खळबळ उडवली. ही बाई कोण, याचा शोध घ्यायला लोक सरसावले. बाई होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. एका लेखिकेची ही तीन नावं. आता यंत्राला कोण सांगणार की तिन्ही एकच?

एके काळी हे सांगायची सोय होती.

(दृश्य: तळघरात उभं कार्ड-कॅटलॉगचं लाकडी कपाट. एक खण बाहेर ओढला जातो. कार्डांवरून बोट फिरतं.)

साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड. खाली मधोमध भोक, त्यातून खणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली सळई, म्हणजे कार्ड कुणी उपसून नेऊ नये. डाव्या कोपऱ्यात वर्गांक: ८९१.४६३. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य म्हणजे ८९१.४६. त्यापुढे १ आला की कविता, २ आला की नाटक, ३ आला की कथा-कादंबरी. १८७६ साली अमेरिकेत निघालेल्या या पद्धतीने इंग्रजी साहित्याला ८२० पासूनचं आख्खं घर दिलं. मराठीला मिळाली ८९१ च्या चाळीतली दशांश चिन्हापलीकडची खोली. तक्रार करायला आता उशीर झाला आहे, आणि खोली का होईना, पत्ता पक्का आहे.

एका पुस्तकाची किमान तीन कार्डं व्हायची: लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं. आणि मधूनच एक चौथं, ज्यावर पुस्तक नसायचंच.

(क्लोज-अप: पिवळट कार्ड. टंकलिखित ओळी.)

केशवसुत.
पाहा: दामले, कृष्णाजी केशव.

एवढंच. पुढच्या खणात बालकवी, पाहा: ठोंबरे, त्र्यंबक बापूजी. गोविंदाग्रज, पाहा: गडकरी, राम गणेश. टोपणनावं घेण्याची मराठी कवींची हौस एवढी, की हे काम करणाऱ्याला अर्धी मराठी कविता तोंडपाठ असावी लागे. ही ‘पाहा’ कार्डं कुणी मोजली नाहीत, त्यांच्यावर दाखल क्रमांक नसतो, ती वार्षिक अहवालात येत नाहीत. ती तयार करणारा तालिकाकार वाचकाला कधी दिसतही नसे.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा असा, की वाचकाचा वेळ वाचवा. १२ ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिवशी, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. तसबिरीला हार घालतो, एखादं व्याख्यान ठेवतो. ‘पाहा’ कार्ड म्हणजे तोच चौथा नियम, पण अमलात आणलेला.

(दृश्य: संगणकांची रांग. ओपॅकचा पडदा. शोधाची चौकट रिकामी.)

मग संगणक आले. आता ओपॅक, म्हणजे घरबसल्या पाहता येणारी ग्रंथालयाची यादी, बहुतेक विद्यापीठांकडे आहे. त्यासाठीची संगणकप्रणाली कुणाकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची सोल, कुणाकडे कोहा. पुस्तक इश्यू झालंय की शेल्फवर आहे, कधी परत येणार, सगळं एका क्षणात कळतं. हे मोठं काम झालं यात वाद नाही. खणांपुढे वाकून मान आखडून घेतलेल्या कुठल्याही प्राध्यापकाला विचारा.

पण सुरुवातीला कार्डांवरची माहिती संगणकात भरताना घाई होती, माणसं कंत्राटी होती आणि कळफलक इंग्रजी होता. मराठी पुस्तकंही रोमन लिपीत भरली गेली, आणि ज्याच्या कानाला जसं ऐकू आलं तशी. ज्ञानेश्वरी कुठे डी-एन-वाय ने सुरू होते, कुठे जे-एन ने, कुठे हिंदीच्या वळणावर जी-वाय ने. ग्रंथकाराचं आडनाव पुढे की नाव पुढे, यातही एकवाक्यता नाही. आणि ‘पाहा’ कार्डं? त्यांच्यावर पुस्तकाचा क्रमांक नव्हता. क्रमांक नाही म्हणून नोंद नाही. ती सळईवरच राहिली.

सोल आणि कोहा, दोन्हींना आता देवनागरी चालते. नवी पुस्तकं देवनागरीत चढवणारी ग्रंथालयं आहेत. पण जुन्या नोंदी परत उघडायच्या तर माणसं लागतात, आणि ग्रंथालयातल्या निवृत्त झालेल्या माणसाची जागा भरली जाणं ही आपल्याकडे बातमी असते.

(दृश्य: शोधगंगेचं मुखपृष्ठ. प्रबंधांची यादी सरकते.)

पुस्तकांचं हे असं. संशोधनाचं काय?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सर्वांत दुर्लक्षित कोपरा असायचा तो पीएच.डी.च्या प्रबंधांचा. काळ्या नाहीतर तांबड्या कापडी बांधणीतले, पाठीवर सोनेरी अक्षरं ठसवलेले गठ्ठे. लिहिणारा, मार्गदर्शक आणि दोन परीक्षक यांच्यापलीकडे वाचक नाही. पाहायचा असेल तर तिथेच बसून, विभागप्रमुखांचं पत्र आणून. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला की प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायची आणि ती सगळ्यांना खुली करायची. त्यातून शोधगंगा उभी राहिली. देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आज तिथे आहेत. गडचिरोलीतला विद्यार्थी गुवाहाटीतला प्रबंध रात्री अकरा वाजता उघडू शकतो, फुकट, कुणाचं पत्र न आणता. विद्यापीठ ग्रंथालयांच्या गेल्या पंचवीस वर्षांतल्या सेवांत मला विचाराल तर ही पहिल्या नंबरची.

आता त्यातला एक मराठी प्रबंध उघडूया.

(क्लोज-अप: पडद्यावर पान. सुबक देवनागरी छपाई. कर्सर ‘मराठी’ या शब्दावर येतो, शब्द निवडला जातो, कॉपी होतो. शेजारच्या कोऱ्या पानावर पेस्ट.)

नीट बघा. डावीकडे ‘मराठी’. उजवीकडे जे उमटलं ते: ई, जे, के, बी, एच. पाच रोमन अक्षरं, त्यातलं बी तेवढं मोठ्या लिपीतलं.

यंत्र बिघडलेलं नाही. प्रबंध टंकलेखन करणाऱ्याने कृतिदेव हा फाँट वापरला आहे. या जुन्या फाँटांची युक्ती साधी होती. संगणकाला इंग्रजीच येतं ना, मग इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा चढवायचा. ई ला म चा, जे ला र चा, के ला कान्याचा. डोळ्यांना मराठी दिसतं, कागदावर मराठी छापून येतं, संगणकाच्या पोटात मात्र ई-जे-के-बी-एच. श्रीलिपी, आकृती, सुरेख, प्रत्येकाचा मुखवटा वेगळा, त्यामुळे पोटातला गोंधळही वेगळा. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर झेरॉक्स आणि डीटीपीच्या ज्या दुकानांत आपले प्रबंध जन्माला येतात, तिथे हे फाँट वर्षानुवर्षं चालत आले. दुकानदाराला दोष देता येत नाही. त्याचं गिऱ्हाईक कागद मागत होतं, त्याने कागद दिला.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे. पण त्या फाँटांत बांधलेला प्रबंध शोधगंगेवर चढला, तरी त्यातलं एकही मराठी वाक्य शोधाला लागत नाही. शीर्षक सापडेल, कारण ते कुणीतरी वेगळं टाइप केलेलं असतं. आतली तीनशे पानं बंदच. काही प्रबंध तर छापील प्रत स्कॅन करून चढवलेले, म्हणजे तिथे ई-जे-के सुद्धा नाही, नुसती चित्रं.

युनिकोडमध्ये आलं म्हणजे सुटलं, असंही नाही. ‘ॲकॅडमी’ मधला ॲ घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळालं २००८ साली. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र चढवत, आणि सवयीने आजही चढवतात. दिसायला दोन्ही सारखे. यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या’ मधल्या आडव्या र ची तीच कथा, तोही दोन रीतींनी लिहिता येतो. हिंदी जाणणाऱ्याला ही पीडा कळायची नाही, त्याच्याकडे ही अक्षरंच नाहीत.

(दृश्य: ग्रंथालयातलं छोटं कार्यालय. पडद्यावर साम्य तपासणीचा अहवाल.)

याच खोलीत आता ग्रंथालयाचं सर्वांत धास्तीचं काम चालतं. प्रबंध सादर होण्याआधी तो दुसऱ्याचा उतारा तर नाही, हे तपासणं. २०१८ चे आयोगाचे नियम सरळ आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के, तर ठरलेल्या मुदतीत, सहा महिन्यांच्या आत, सुधारून द्या. ४० ते ६०, तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. त्यावर, तर नोंदणीच रद्द. तपासणीची सोय शोधशुद्धी या योजनेतून २०१९ पासून विद्यापीठांना मिळते.

अहवाल हातात घेऊन विद्यार्थी खोलीबाहेर उभा असतो तेव्हा त्याचा चेहरा दहावीच्या निकालाची आठवण करून देतो. पण मराठी प्रबंधांच्या बाबतीत या अहवालावर किती भिस्त ठेवायची? ज्याच्यावरून उतारा घेतला तो जुना प्रबंध ई-जे-के मध्ये असेल, तर यंत्र त्याच्याशी तुलना करणार कशी? चोर पकडायचं यंत्र आणलं, पण घरातला निम्मा ऐवज त्याला दिसतच नाही. यात प्रामाणिक संशोधकाचं नुकसान दुहेरी. त्याचं काम कुणाला सापडत नाही, आणि चोरलं तर कळतही नाही.

(दृश्य: मोबाइलवर इंग्रजी शोधनिबंध वाचणारे विद्यार्थी. कॉलेजचा कट्टा.)

दुसरीकडे, इंग्रजीत वाचणाऱ्यांसाठी दरवाजे एकदम उघडले आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. २०२५ च्या सुरुवातीपासून ती सहा हजारांहून अधिक शासकीय उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली. पूर्वी ज्या निबंधासाठी मोठ्या संस्थेतल्या मित्राला मेल टाकून पीडीएफ मागवावी लागे, तो आता तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातही उघडतो. रसायनशास्त्राच्या, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ही खरीच मोठी गोष्ट आहे, तिला नाकं मुरडायचं कारण नाही.

फक्त, त्या तेरा हजारांत वाईचं नवभारत नाही. समाज प्रबोधन पत्रिका नाही. मराठीत विचार करणाऱ्यांनी ज्या मासिकांत आणि त्रैमासिकांत आपापले वाद घातले, ती बांधीव खंडांत नियतकालिक विभागाच्या वरच्या फळीवर आहेत. त्यांतला एखादा लेख हवा असेल, तर तो आहे हे आधी कुणीतरी तोंडी सांगावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. लेखसूची वाटली असती तर बरं झालं असतं.

(दृश्य: जाडजूड खंड, पानं उलटली जातात. बारीक टायपात स्तंभ.)

आणि सूची करणं जमत नाही म्हणावं, तर या माणसाकडे बघा. शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची वर्गीकृत सूची त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५० चा पुढचा खंड १९६१ मध्ये आला. दीडशे वर्षांचा मराठी छापा. ना संगणक, ना अनुदानाचा भरवसा. ग्रंथालयं धुंडाळायची, पुस्तक हातात घ्यायचं, पानं मोजायची, नोंद करायची. आजही जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढणारा माणूस आधी दाते उघडतो. ‘दाते बघितलेत का?’ एवढंच विचारतात.

दात्यांसारखी माणसं पुन्हा होणे नाही, वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. आता काम वाटून घेता येतं. १८६७ पर्यंतची मराठी पुस्तकं, ज्यांना दोलामुद्रितं म्हणतात, त्यांचं डिजिटायझेशन राज्य मराठी विकास संस्थेने हाती घेतलं, त्यातली पुष्कळ आज घरी बसून वाचता येतात. छापील देवनागरी ओळखून तिचं युनिकोड करणारी यंत्रणा दहा वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी सुधारली आहे. कृतिदेवचं युनिकोड करून देणारी रूपांतरकं फुकट मिळतात. जोडाक्षरं चुकतात, वेलांटी कधी एक घर सरकते, पण मराठी वाचणारा माणूस शेजारी बसला तर निभतं.

(दृश्य: काउंटरवरच्या मॅडम, आता आतल्या टेबलावर. पडद्यावर एका लेखिकेची नोंद उघडी.)

‘पाहा’ कार्डालासुद्धा नव्या यंत्रात जागा आहे. ग्रंथालयं ज्या मार्क पद्धतीने नोंदी ठेवतात, तिच्यात लेखकाच्या इतर नावांसाठी वेगळं क्षेत्र असतं. रोमन नोंदीशेजारी तीच माहिती मूळ लिपीत ठेवायला ८८० क्रमांकाचं क्षेत्र असतं. तिथे देवनागरीत एकदा ‘शिरूरकर, विभावरी’, एकदा ‘बेडेकर, मालतीबाई’, एकदा ‘खरे, बाळूताई’ भरून ठेवलं, की पुढच्या मुलीला काउंटरवर यायची गरज नाही. एका लेखिकेला पाच-सात मिनिटं. ग्रंथालयात अशा किती नोंदी असतील याचा हिशेब मॅडम करत नाहीत. देवघेव शांत असेल त्या वेळात जमतील तेवढ्या करतात. परीक्षेच्या हंगामात एकही होत नाही.

आज त्यांच्या टेबलापुढे एक प्रबंध आला आहे, तपासणीसाठी. विषय मराठी लोकनाट्याचा. मॅडमनी पहिल्या पानावरचा एक शब्द निवडला, कॉपी केला, शेजारी पेस्ट केला. मग चष्मा वर सरकवला.

“मूळ फाईल आहे का रे तुझ्याकडे? युनिकोडमधली?”

“आहे ना मॅडम. म्हणजे… दुकानात असेल.”

“मग विचार. मी थांबते.”

मुलगा बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावतो. पलीकडे छपाई यंत्राचा खडखडाट ऐकू येतो आहे.

“दादा, तो माझा प्रबंध तुम्ही श्रीलिपीत केला होता की युनिकोडमध्ये? … नाही, प्रिंट चांगली आहे हो, प्रिंटचं नाही म्हणत मी… फाईल, फाईल ठेवलीये का?”